ऑइल काय दूध हाय काय, नासाले?

डवरणीला वापसा नाही, म्हणून आज पिकाची नोंद नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ऑइलची गोष्ट लिहितो.

वणीत कोणत्याही गॅरेजवर उभं राहून विचारा, चार-पाच वर्षांपूर्वी आणलेलं इंजिन ऑइल टाकलं तर चालेल का? बहुतेक एकच उत्तर मिळतं, "ऑइल काय दूध हाय काय, नासाले?" माझे वडीलही हेच म्हणत, आणि त्यांच्या ऑइलपुरतं ते खरं होतं. आजोबांच्या तेलाला ते लागू नव्हतं. आजच्या ऑइललाही पुरतं लागू नाही.

आजोबांच्या काळी वंगण म्हणजे एरंडी. धुऱ्यावर एरंडाची झाडं असायचीच. बाया बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल काढून घ्यायच्या. बंडीच्या खाली एक नळकांडं टांगलेलं असे, त्यात एरंडीच्या तेलात भिजवलेल्या चिंध्या. चाक करकरायला लागलं की चाक काढून आसाला ओंगण द्यायचं. एरंडी इतर तेलांपेक्षा टिकाऊ, तरी शेवटी झाडाचंच तेल. हवा लागून लागून ते खवट होतं, मग घट्ट आणि चिकट. त्यात धूळ बसली की आसावर काळा थर जमायचा, तो खरवडून काढावा लागायचा. म्हणून कोणी वर्षावर्षाचं ओंगण भरून ठेवत नसे.

हे तेल फक्त बंडीचं होतं असं समजू नका. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डने १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये मोटार व विमानासाठी एरंडी मिसळलेलं नवं ऑइल आणलं. इंग्रजीत एरंडीला कॅस्टर म्हणतात, त्यावरून त्याचं नाव कॅस्ट्रॉल. आज गावोगावच्या गॅरेजवर ज्या नावाची पाटी दिसते, त्या नावातच आपली धुऱ्यावरची एरंडी बसलेली आहे. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं एरंडीवर चालली, कारण ती पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पण गरम इंजिनात तिचा डिंकासारखा थर जमे, हा दोष तिथेही सुटला नाही.

जमिनीतून निघणारं तेल एव्हाना आलंच होतं. अमेरिकेत १८५९ मध्ये ड्रेकची विहीर लागली. १८६६ मध्ये व्हॅक्यूम ऑइल कंपनी निघाली, आणि तिनेच पुढे मोबिलऑइल हे नाव बाजारात आणलं. मुंबईला तुर्भ्यात १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. ही त्याच घराण्यातली कंपनी. १९६२ मध्ये तिची एस्सो झाली, १९७४ मध्ये सरकारने ती घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियम केली. कंपनीचं नाव दोनदा बदललं, पण आपल्याकडे म्हातारी माणसं कोणत्याही कंपनीच्या ऑइलला अजून "मोबिल"च म्हणतात.

हे खनिज तेल खवट होत नाही. बंद, कोरड्या भांड्यात साधं खनिज तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी लहान असताना आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, त्यानंतर वीज येईपर्यंत कितीतरी विहिरींवर असली इंजिनं टुकटुकत होती. दुकानात बॅरलला हातपंप लावलेला असे. आपली बाटली न्यायची, सुटं ऑइल आणायचं, उरलं तर झोपडीत खुंटीला टांगून ठेवायचं. पुढच्या हंगामात तेच वापरलं तरी इंजिन कुरकुरत नव्हतं. वडिलांचं वाक्य तिथून आलेलं आहे.

मग बदललं काय? तर याची सुरुवात ट्रॅक्टरपासूनच आहे. अमेरिकेच्या कॅटरपिलरने १९३१ मध्ये डिझेल ट्रॅक्टर आणला. त्याच्या इंजिनात काजळी आणि डिंक साचून पिस्टनच्या रिंगा जाम व्हायला लागल्या. नुसतं खनिज तेल पुरेना. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या तेल कंपनीबरोबर त्यांनी नवं ऑइल काढलं, ज्यात साबणासारखं काम करणारी रसायनं घातली होती. ती काजळीला धरून ठेवतात, रिंगेवर बसू देत नाहीत. त्यानंतर घर्षण थांबवणारं, गंज थांबवणारं, फेस मारणारं, आम्ल मारणारं, थंडीत पातळ आणि उन्हात जाड ठेवणारं, असं एकेक द्रव्य त्यात वाढत गेलं. डब्यावर सीएफ ४, सीएच ४, सीआय ४ लिहिलेलं असतं ते याच द्रव्यांच्या वाढत्या पायऱ्यांचं आहे. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या जमान्याचं.

म्हणजे आजचं ऑइल हे तेल कमी आणि फवारणीचं औषध जास्त, असं मी समजतो. तेल स्वतः नासत नाही, त्यात घातलेलं थकतं. फार दिवस उभ्या असलेल्या डब्यात काही द्रव्य तळाशी बसतं. ओल शिरली तर काहींचा गुण जातो. बहुतेक कंपन्या न उघडलेल्या डब्याची मुदत चार-पाच वर्षं धरतात, तीही सावलीत, कोरड्या जागी, फार ऊन-थंडी नसलेल्या ठिकाणी. आता आपलं वणीचं ऊन बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाजवळ, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. पाठोपाठ जूनमध्ये ओल. कंपनीची चार वर्षं आपल्या टिनाखाली चार भरतील असं मला वाटत नाही. एकदा सील तोडलं की मी तर त्याच हंगामात संपवतो.

नासवण्यात भांड्याचाही हात मोठा. आपला बॅरल घ्या. लोखंडी बॅरलचं पेटंट १९०५ चं, अमेरिकेतल्या एका कारखान्याचं. त्याची मालकीण होती नेली ब्लाय, तीच पत्रकार बाई, जिने १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली होती! तो बॅरल वणीत खाणींमुळे सगळ्यांना माहीत, रिकामा मिळाला की पाण्याला लावतो. पण भरलेला बॅरल श्वास घेतो, हे कमी जणांना माहीत आहे. दिवसा तापला की आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते. रात्री गार झाला की आत ओढ बसते. बॅरल उघड्यावर उभा असेल तर वरच्या कड्यात पावसाचं पाणी साचतं, आणि बूच घट्ट असलं तरी ते थेंब थेंब आत ओढलं जातं. उपाय जुना आहे. बॅरल आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या रेषेत. म्हणजे बुचाच्या आत तेल राहतं, हवा नाही, आणि पाणी ओढलं जात नाही. उभाच ठेवायचा असेल तर खाली एका बाजूला वीट देऊन कलता ठेवा, पाणी बुचाकडे यायला नको.

कॅनची गोष्ट तर लढाईचीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं पेट्रोल पातळ पत्र्याच्या चार गॅलनच्या डब्यांतून जायचं, साधारण आपल्या रॉकेलच्या डब्याच्या मापाचे. आफ्रिकेच्या वाळवंटात ते वाटेतच गळायचे. जर्मनांनी १९३७ मध्ये २० लिटरचा मजबूत कॅन बनवला होता, तीन मुठींचा, झाकण पक्कं बसणारा. इंग्रज सैनिक जर्मनांना "जेरी" म्हणत. पकडलेले ते कॅन पाहून त्यांनी तसेच बनवले, आणि नाव पडलं जेरीकॅन. झाकण पक्कं बसणं, सगळा खेळ त्यातच होता. आपण मात्र झाकण हरवलं की प्लॅस्टिकची पन्नी आणि सुतळी बांधतो. पन्नीतून ओलही जाते आणि काळ्या मातीची धूळही. धूळ ऑइलमधून बेअरिंगवर गेली की कानशीसारखी घासते. तणनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्ये ऑइल भरून ठेवणारे आहेत, त्यांना काय म्हणावं.

ओळखायचं कसं? दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे. शंका असली तर गरम तव्यावर एक थेंब टाका, पाणी असेल तर तडतडतं. हे बाहेर करा, आगीपासून दूर. तळाशी गाळ बसला असेल, वास बदलला असेल, तर इंजिनात नको. ते ऑइल बिजागरीला, साखळीला, डवऱ्याच्या पात्याला चालतं.

तारखेचं एक सांगायचं राहिलं. बंद डब्यावर पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापायचा नियम १९७७ चा, आता त्याच्या जागी २०११ चे वजनमापाचे नियम आहेत. पण "या तारखेपर्यंत वापरा" असं ऑइलच्या डब्यावर बहुधा सापडत नाही, तशी सक्ती खाण्यापिण्याच्या मालाला आहे. म्हणून घेतानाच पॅकिंगची तारीख वाचायची, दुकानदार काहीही म्हणो. ट्रॅक्टरचं इंजिन एकदा खोलायचं म्हटलं की कापसाच्या पैशातला केवढा वाटा जातो, ते ज्याने भरलं त्याला विचारा. सीलही बघून घ्यायचं, कारण जुन्या डब्यात भरलेलं नकली ऑइल फिरतं आणि त्यावर तारीख मात्र चांगली असते. आमच्या घरी रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी विळ्याने त्याच्या बुडाला भोक पाडतात, आणि झाकण वेगळं फेकतात.