हिमायतबागेतला पिंगळा

थंडीत सकाळी हिमायतबागेत फिरायला गेलं की बहुतेक वेळा पहिला भेटतो तो थिरथिरा. कुंपणाच्या खांबावर बसून शेपटी थरथरवत असतो. उत्तरेतून, पार हिमालयाकडून आलेला हा पाहुणा थंडी संपेपर्यंत मुक्काम हलवत नाही. समोरच्या सलीम अली सरोवराच्या काठी धोबी चिखलात तुरुतुरु धावत असतात, तेही पाहुणेच.

गेल्या रविवारी शाळकरी भाच्याला सोबत नेलं होतं. एका जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळा ऊन खात बसला होता. मी बोट दाखवलं, तसा भाचा दोन पावलं मागे सरला. "मामू, घुबडाकडे बघू नये. नानी म्हणते, मनहूस असतं."

नानीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्याआधी चारशे वर्षं एका बादशहानेही घुबडाकडे याच नजरेने पाहिलं होतं, आणि त्याचा रोख होता आमच्याच शहराच्या संस्थापकावर.

1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तिचं पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. (नाव बदलण्याची इथे जुनीच सवय आहे. समोरचं तळंही मुघलांच्या काळी खिजरी तलाव होतं.) गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने मुघल फौजांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं दमवलं. जहांगीर त्याच्यावर इतका खवळला होता की, 1616 च्या सुमारास त्याचा चित्रकार अबुल हसन याने एक अजब चित्र काढलं. भाल्यावर खोचलेलं अंबरचं मस्तक, त्यावर बसलेलं घुबड आणि त्या मस्तकावर बाण मारणारा बादशहा. अंबरचा काळा रंग, रात्र आणि घुबड यांची सांगड घालून त्याला हिणवलेलं. प्रत्यक्षात ते मस्तक मुघलांच्या हाती कधीच लागलं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारपणी, आपल्या मौतीने गेला. चित्रात सूड उगवणं त्या मानाने सोपं होतं.

पण हाच जहांगीर आपल्या आत्मचरित्रात, 'तुझुक-ए-जहांगिरी'त, वेगळाच भेटतो. त्याच्याकडे सारस पक्ष्यांची एक पाळीव जोडी होती, लैला आणि मजनू. 1618 च्या सुमारास त्यांनी अंडी घातली. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून पहारा देतो. सकाळी नर येऊन चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो. हे सगळं बादशहाने बारकाईने टिपून ठेवलं आहे. इथे शकुन नाही, अपशकुन नाही. कोण केव्हा उठलं आणि कोण बसलं, एवढंच. त्याच्या दरबारातल्या मन्सूरने सैबेरियन क्रौंचाचं जे चित्र काढलं, ते युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याचं रीतसर वर्णन करण्याच्या, म्हणजे 1773 च्या, सुमारे दीडशे वर्षं आधीचं आहे.

एकाच माणसाला पक्षी दोन तऱ्हांनी दिसत होता. शत्रूला हिणवायचं असलं की घुबड, आणि नुसतं बघायचं असलं की सारस.

जहांगीरचं शहजादेपणीचं नाव सलीम. योगायोग असा की, मुघल बादशहांच्या या निरीक्षणांकडे पक्षीशास्त्राच्या नजरेने पाहणाराही सलीमच निघाला. सलीम अलींनी 1927-28 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुघल बादशहा निसर्गनिरीक्षक आणि शिकारी म्हणून कसे होते, यावर लेखमाला लिहिली. आमच्याकडे सलीम अलींचं नाव तळ्याला आहे, भाषणांत 'आपला शास्त्रज्ञ' म्हणून आहे. त्यांनी लिहिलेलं वाचणारे मात्र मला फार भेटलेले नाहीत.

त्यांची गोष्ट सुरू होते तीही एका मामूपासून. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून मुंबईत खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणं हा पोराचा उद्योग. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाणं हलाल आहे का? ते मामूंकडे गेले. मामूंनाही पक्षी ओळखता येईना. 'मला माहीत नाही' म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली. मिलर्डनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून पोराला दाखवले. घरच्या दीनी सवयीतून निघालेला प्रश्न असा पक्षीशास्त्राच्या दारात पोहोचला. 1985 च्या आत्मचरित्राला त्यांनी नावही त्या चिमणीवरूनच दिलं.

ते पुढेही संशोधनासाठी पक्षी मारत राहिले. जहांगीर तर पट्टीचा शिकारी. हे झाकून त्यांना पीर करण्याची गरज नाही.

हिमायतबागेत मी हे सगळं भाच्याला सांगितलं नाही, दुर्बीण त्याच्या हातात दिली. पिंगळ्याने मान खाली-वर करून आमच्याकडे टक लावलं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, याला भुवया आहेत. पांढऱ्या."

घरी गेल्यावर त्याने नानीला विचारलं, की तिने घुबड जवळून कधी पाहिलंय. नानी म्हणाली, "नाही."