वरचे दूध : दूधआई, डबा आणि दुग्धपेढी

आईच्या दुधाला पूरक म्हणून अर्भकास जे पाजले जाते त्याला मराठीत 'वरचे दूध' अशी संज्ञा आहे. वरखर्च, वरकमाई या शब्दांतील 'वर' हाच येथेही आढळतो. मूळ पुरेसे आहे आणि त्यावर आणखी काही घातले जात आहे, असे या संज्ञेने सूचित होते. प्रत्यक्षात मात्र मूळ अपुरे पडल्याखेरीज वरचे दूध सहसा घरात येत नाही. रूसोने 'एमिल'मध्ये (१७६२) मातेच्या स्तनपानाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्याच्या लेखनातील 'पूरक' या संकल्पनेची चिकित्सा करताना देरिदा यांनी १९६७ साली दाखवून दिले, की भर घालणारी गोष्टच मुळातील उणीव उघड करते. मराठीतील ही साधी घरगुती संज्ञा तोच पेच वागवते. या संज्ञेमागील सामाजिक इतिहासाचे तीन टप्पे येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

पहिला टप्पा दाईचा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची निवड वर्ण, वय, आरोग्य आणि शील पाहून करावी असे सांगितले आहे. मानवी दूध न लाभल्यास शेळीचे वा गाईचे दूध द्यावे, असाही निर्देश आहे. म्हणजे पर्यायांची उतरंड प्राचीन काळीच लावली गेली होती. मराठी इतिहासात या संदर्भात धाराऊचे नाव अग्रक्रमाने येते. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ त्यांची दूधआई झाली. 'दूधआई' आणि 'दूधभाऊ' हे शब्द दूध देणारीला नात्याच्या चौकटीत सामावून घेतात. राजस्थानात पन्ना धायच्या कथेत हेच नाते टोकाला जाते : बनवीरापासून उदयसिंहाला वाचविण्यासाठी ती स्वतःच्या मुलाचा बळी देते. दोन्ही परंपरांनी दाईचा गौरव केला, परंतु तिच्या स्वतःच्या अर्भकाच्या वाट्याला किती दूध आले, हा प्रश्न त्या गौरवाने झाकला गेला. महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेने तो नेमका उघडा केला. तेथे जशोदेचे स्तनपान हे सरळसरळ श्रम ठरते आणि तिचा अंत स्तनाच्या कर्करोगाने होतो.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिकाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. हिरकणी गडावर दूध विकायला गेलेली गवळण आहे. दूध हा तिचा व्यवसाय. तरीही घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी तिचे स्वतःचेच दूध हवे, म्हणून ती अंधारात कडा उतरते. वरच्या दुधाची शक्यता कथा विचारातही घेत नाही. लोकमानसात आईचे वात्सल्य म्हणून स्थिरावलेली ही कथा पोटासाठी घराबाहेर पडलेल्या बाळंतिणीचीही कथा आहे, हे सहसा नोंदले जात नाही.

दुसरा टप्पा डब्याचा. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील वेवे येथे हेन्री नेस्ले यांनी दूध व पिठापासून बनविलेले शिशुअन्न बाजारात आणले. स्वातंत्र्योत्तर काळात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार तयार करण्याची पद्धत विकसित केली आणि आणंदच्या 'अमूल'ने त्याचे उत्पादन केले. 'अमूल बेबी' हा शब्दप्रयोग पुढे गुबगुबीत, लाडावलेल्या व्यक्तीसाठीही रूढ झाला. येथे एक मूलभूत बदल दिसतो. दाईला नाव, गाव आणि नाते होते. डब्याला केवळ मुद्रा असते. त्यातच पाणी अशुद्ध असले आणि पैसे वाचविण्यासाठी पूड कमी घातली गेली, तर डबा अतिसार व कुपोषणाचे कारण ठरतो. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या व्याख्यानात दुधाचा संबंध थेट खुनाशी जोडला होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने विपणनसंहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. या कायद्याने जाहिरात व मोफत नमुने यांस मनाई केली. वेष्टनावर अर्भकाचे वा स्त्रीचे चित्रही निषिद्ध ठरविले. चित्रावरील ही बंदी लक्षणीय आहे. वस्तूला मातेची प्रतिमा उसनी घेता येऊ नये, हा प्रतिमाविचारच कायद्याच्या भाषेत उतरला आहे.

तिसरा टप्पा मुंबईत सुरू झाला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी स्थापन झाली. मातांनी दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून, जंतूंची तपासणी करून, अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या अर्भकांना दिले जाते. 'पेढी' हा शब्द सावकारीचा. येथे मात्र तो दानासाठी योजला गेला. दाई पुन्हा आली, पण निनावी होऊन. सुश्रुताने सांगितलेली वर्णाची अट गळाली. आरोग्याची अट रक्ततपासणीच्या रूपाने उरली.

या तिन्ही टप्प्यांत वरच्या दुधाचे नियमन झाले. आईच्या वेळेचे नियमन मात्र तोकडेच राहिले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विराम दिले आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविली. परंतु शेतमजूर, घरकामगार वा ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीपर्यंत हे लाभ क्वचितच पोहोचतात. सहा महिने केवळ स्तनपान हा वैद्यकीय सल्ला निर्विवाद मोलाचा आहे. तथापि तो पाळण्याची परिस्थिती नसलेल्या स्त्रीकडे डबा केवळ निष्काळजीपणामुळे येतो, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. हिरकणीच्या कथेत बुरूज बांधला गेला तो कड्यावर, जेथून ती उतरली तेथे. सायंकाळी तिच्यासाठी गडाचा दरवाजा उघडा ठेवावा, असे मात्र त्या कथेत कोणालाच सुचले नाही.