नर्मदाकाठच्या पहिल्या पदयात्रेसाठी पाठीवर काय घ्यावे?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सुरत शहरात शिरत नाही. तो शहराला पूर्वेकडून वळसा घालतो आणि कामरेजजवळ तापी ओलांडून उत्तरेकडे निघतो. दूर पल्ल्याच्या बसगाड्यांतून सुरतेला येणारे प्रवासी बहुधा कामरेजच्या चौकडीवरच उतरतात. कोकण रेल्वेने मडगावहून सुरत गाठणाऱ्या गोमंतकीयांनाही पुढे सडकेने नर्मदेकडे जायचे असेल, तर याच चौकडीवरून अंकलेश्वर, राजपीपळा, गरुडेश्वर अशी वाट धरावी लागते. चैत्र महिन्यात आणि कार्तिकी एकादशीनंतरच्या दिवसांत या मार्गावर पाठीवर सॅक आणि हातात काठी घेतलेले मराठी प्रवासी हमखास दिसतात. त्यांतील पुष्कळांनी तोवर सलग दोन दिवसही पायी प्रवास केलेला नसतो.

गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकांनी परिक्रमेची ओढ मराठी घराघरांत नेली. ओढ लागली की पहिला प्रश्न श्रद्धेचा नसतो, सामानाचा असतो: बरोबर काय न्यायचे?

परिक्रमा दोन प्रकारची, हे आधी ध्यानात घ्यावे. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, कोठेही न ओलांडता तिला संपूर्ण प्रदक्षिणा घालायची, तर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. शास्त्रोक्त मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची असली, तरी आजचे बहुतेक पदयात्री ती काही महिन्यांत पुरी करतात. दुसरी उत्तरवाहिनी परिक्रमा. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात रामपुरा ते तिलकवाडा या टप्प्यात नदी उत्तरेकडे वाहते. तेथे चैत्रात सुमारे २० किलोमीटरांची प्रदक्षिणा होते आणि ती एका दिवसात आटोपते. गुजरातचा चैत्र आणि गोव्याचा चैत्र एकच, कारण दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो. मध्य प्रदेशातील पंचांग पाहून तिकीट काढणाऱ्यांचा मात्र पंधरवड्याचा घोळ होऊ शकतो.

नवख्याने आरंभ उत्तरवाहिनीपासून करावा. तिला पंधरा-वीस लिटरांची, शाळकरी मुलांच्या दप्तराएवढी पिशवी पुरते. चैत्रात या भागात पारा चाळिशीला भिडतो, म्हणून चालणे पहाटे अंधारात सुरू होते. डोक्याला बांधायचा दिवा, दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणे, जलसंजीवनीची पाकिटे आणि एक सुका पंचा एवढ्यावर काम भागते. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवायचे असते. पेल्यात चिमूटचिमूट टाकून पिण्यात अर्थ नाही, कारण क्षार आणि साखर यांचे प्रमाणच त्या औषधाचा प्राण आहे.

खरी कसोटी लांबच्या वाटेची. तेथे नेहमी होणारी गफलत अशी, की सर्वांत आधी सॅक विकत घेतली जाते. दुकानात ६० लिटरांची, रंगीत, खिसेच खिसे असलेली सॅक मोह पाडते. मग ती रिकामी कशी ठेवायची म्हणून भरली जाते. क्रम नेमका उलटा असावा. प्रथम पादत्राणे, मग अंथरूण-पांघरूण, नंतर कपडे आणि हे सारे घरात जमिनीवर मांडून झाल्यावर ते मावेल एवढी सॅक. आश्रम, धर्मशाळा आणि गावातील घरे यांच्या आसऱ्याने चालणाऱ्याला ३५ ते ४० लिटर पुष्कळ होतात. तंबू आणि चूल बरोबर नेणाऱ्या गिर्यारोहकाचा हिशेब वेगळा, तो येथे लावू नये.

वजनाचा आडाखा सोपा आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, तेही आठवडेच्या आठवडे चालायचे असेल, तर पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांत बसवावे. साठ किलोच्या माणसाला ते सहा ते नऊ किलो होते. त्यात दीड किलोची सॅक, सव्वा किलोची स्लीपिंग बॅग, चारशे ग्रॅमची कॅरीमॅट, दीड किलो कपडे, दोन लिटर पाणी आणि किलोभर किरकोळ वस्तू धरल्या, तर बेरीज साडेसात किलोंच्या थोडी पुढे जाते. म्हणजे हौसेसाठी फारतर किलोभर जागा उरते. तीत जाड ग्रंथ घ्यायचा की दुसरी शाल, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण स्वयंपाकघरातील काट्यावर प्रत्येक वस्तू तोलून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

सॅक निवडताना लिटरांपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातली असता मानेच्या तळाशी जे हाड वर येते, तेथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि सॅकची पाठ त्या मापाची घ्यावी. पाच फूट उंचीच्या स्त्रीला सहा फुटी पुरुषाची सॅक कितीही पट्टे आवळले तरी बसत नाही. ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांनी नव्हे, कमरेने उचलायचा असतो, त्यासाठी रुंद आणि भरीव कमरपट्टा हवा. तो बेंबीवर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. दुकानात सॅक रिकामी घालून पाहणे व्यर्थ आहे. सहा-सात किलो वजन भरायला सांगून दहा मिनिटे फिरावे. संकोच बाळगू नये.

पायांच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. नर्मदाकाठी वाळू, चिकणमाती, शेतांचे बांध आणि बरीचशी डांबरी सडक लागते. अशा वाटेला घोट्यापर्यंतचे जड बूट लागत नाहीत. खोल नक्षीच्या तळव्याचे, हलके, हवा खेळणारे बूट बरे. ते संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. नेहमीच्या मापाहून अर्धा आकडा मोठे घ्यावेत आणि निघण्यापूर्वी शंभरेक किलोमीटर वापरावेत. पायाला फोड येतात ते ओल, उष्णता आणि घर्षण या तिन्हींच्या संगनमताने. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे मोजे घ्यावेत. एखादी जागा चुरचुरू लागताच थांबून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या गावी पाहू’ म्हणणाऱ्याला पुढचे गाव लंगडत गाठावे लागते. अनवाणी परिक्रमेचा संकल्प करणारे असतात. मात्र मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये, कारण अशा पायाला जखम झालेली कळतच नाही. स्नानासाठी आणि मुक्कामासाठी हलक्या चपलांचा जोड वेगळा ठेवावा.

कपड्यांविषयी एक वाद जुना आहे. परंपरा पांढऱ्या सुती वस्त्रांची आणि ट्रेकिंगचे शास्त्र सुती नको म्हणणारे. कोरड्या उन्हात सुती कपडा सुखावतो हे खरे. पण थंडीच्या पहाटे घामाने भिजलेला सुती सदरा अंगावरच वाळवणे आजाराला आमंत्रण ठरते. अंगालगतचा एक जोड तरी पॉलिएस्टरचा असावा. त्यासाठी महागड्या नाममुद्रेची गरज नाही. सुरत हे देशातील कृत्रिम कापडाचे मोठे केंद्र असून रात्रीत वाळणारा साधा सदरा तेथील बाजारात सहज मिळतो. एकूण दोन जोड, एक धुतलेला आणि एक अंगावर. तिसरा जोड घेणाऱ्याला तो महिनाभर नुसता वाहावा लागतो.

थंडीचा अंदाज गोमंतकीयांना बहुधा चुकतो. घरातल्या कपाटात लोकरीचे कपडे नसतात आणि ‘मध्य प्रदेश म्हणजे उन्हाळा’ ही समजूत पक्की असते. अमरकंटक हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. कानटोपी, लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि वाऱ्यापासून रक्षण करणारे पातळ जाकीट ही तीन वस्त्रे अनिवार्य समजावीत. स्लीपिंग बॅगवर छापलेल्या तापमानांतील ‘कम्फर्ट’चा आकडाच पाहावा, ‘एक्स्ट्रीम’चा आकडा सुखाने झोपण्याचा नसून कसाबसा जीव तगण्याचा असतो. पिसांची बॅग हलकी खरी. पण भिजली की निरुपयोगी होते. नदीकाठच्या धुक्याचा आणि दवाचा विचार करता नवख्याला कृत्रिम तंतूंची बरी. खाली कॅरीमॅट हवीच, कारण अंगाखाली दबलेले पांघरूण ऊब देत नाही आणि फरशी रात्रभर उष्णता शोषत राहते.

पाण्याच्या बाबतीत श्रद्धा आणि स्वच्छता यांची गल्लत होते. परिक्रमावासी नर्मदाजलाची कुपी बरोबर बाळगतात, तिची रोज पूजा करतात. ती कुपी आणि पिण्याची बाटली यांत भेद ठेवणे इष्ट. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरून, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून मगच प्यावे. पोकळ तंतूंच्या छोट्या गाळण्या हल्ली मिळतात. त्या जिवाणू अडवतात, विषाणू नाहीत.

याच ठिकाणी एक मुद्दा मांडणे आवश्यक आहे, जो सामानाच्या याद्यांत सहसा नसतो. ‘मैया सर्व पुरवते’ असे म्हणून काहीही न घेता निघणाऱ्यांचे कौतुक होते. परंपरेने संचय निषिद्ध मानला आणि शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांचे होते-नव्हते ते काढून घेतले जाई, अशी वर्णने जुन्या प्रवासवृत्तांतांत वारंवार येतात. त्या जुन्या वाटेचा बराच भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. बदललेली दुसरी गोष्ट म्हणजे चालणाऱ्यांची संख्या. पूर्वी एखाद्या झोपडीत महिन्याकाठी चार पाहुणे येत, तेथे आता एका रात्रीत चाळीस येऊ शकतात. पांघरूण न आणणाऱ्याला मिळणारी घोंगडी कोणाच्या तरी अंगावरची असते. तेव्हा स्वतःची वळकटी, ताट, पेला आणि औषधे स्वतः वाहणे हाही यजमानाचा मान राखण्याचाच प्रकार आहे. शिधा तेवढा नेऊ नये. सदाव्रताची व्यवस्था त्यासाठीच आहे. मूठभर शेंगदाणे आणि गूळ अपवाद.

संपूर्ण परिक्रमेत सामान हमखास भिजण्याची जागा कामरेजपासून फार दूर नाही. भडोच जिल्ह्यातील कठपोर येथून मुखाशी होडीने पलीकडे मिठी तलाईला जावे लागते. होडी भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते आणि खारे पाणी उडतच असते. सॅकवरचे पावसाळी आवरण अशा वेळी पुरत नाही. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सर्व सामान तीत ठेवावे, मोबाईल आणि ओळखपत्र निराळ्या बंद पिशवीत.

निघण्यापूर्वी भरलेल्या सॅकसह लागोपाठ दोन दिवस चालून पाहावे. गोव्यात त्यासाठी घाटवाटांना तोटा नाही. फक्त म्हादई, भगवान महावीर किंवा नेत्रावळी अभयारण्यात जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक पुन्हा खांद्यावर घेताना कोणती वस्तू जड वाटते, ते लिहून ठेवावे.

जुने बूट माळ्यावरून काढून वापरू पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. अनेक बुटांच्या तळव्यांतील पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होते. चार-पाच वर्षे न वापरलेला, वरून कोराकरकरीत दिसणारा बूट तासाभराच्या चालीत तळव्यापासून सुटू शकतो. सॅकच्या आतील चिकट झालेला लेपही त्याच विघटनाची खूण असते. गोव्याच्या हवेत बूट आणि सॅक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नयेत. उन्हात नव्हे, तर सावलीत पूर्ण वाळवून, हवा खेळेल अशा जागी टांगावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी वापरावेत.