संधी सारखी नको असते तेव्हा

संगणकावरील लढाईच्या खेळात एक प्रसंग हमखास येतो. आपल्या बाजूला चार गडी आहेत: ढालकरी, भालाईत, तिरंदाज आणि वैद्य. समोरच्या राक्षसाची हल्ला करण्याची पाळी आली. त्याने वार कोणावर करावा? ‘सर्वांत पुढे असेल त्याच्यावर’ असा नियम केला, तर खेळणाऱ्याला तो लगेच उमगतो आणि ढालकऱ्याला पुढे करून तो निर्धास्त होतो. चौघांना सारखी संधी दिली, तर राक्षस अगदीच बुद्धू वाटतो. म्हणून मधला मार्ग काढतात. प्रत्येकाला एक भार देतात. समजा ढालकऱ्याला ५०, भालाइताला ३०, तिरंदाजाला १५ आणि वैद्याला ५. पुष्कळ वार झाले की त्यांची वाटणी साधारण याच प्रमाणात झाली पाहिजे. मात्र पुढचा वार कोणावर होणार, हे कोणालाही आधी सांगता येता कामा नये.

हीच ‘भारित यादृच्छिक निवड’. ऐकायला सोपी आहे, पण करायला गेलो की चुकते. एक सहज सुचणारी रीत पाहू. ढालकऱ्यापासून सुरुवात करायची आणि १०० मध्ये ५० या संधीने त्याची निवड करायची. तो सुटला तर १०० मध्ये ३० या संधीने भालाइताची, मग याच क्रमाने पुढे. कोणीच सापडले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. यात चूक कुठे आहे? भालाइताची पाळी येते तीच मुळी निम्म्या वेळा. त्यामुळे पहिल्या फेरीत त्याची संधी ३० ऐवजी १५ टक्केच राहते. हिशेब पुरा केला, तर ढालकऱ्याच्या वाट्याला ५० ऐवजी जवळजवळ ७० टक्के वार येतात आणि वैद्याच्या वाट्याला जेमतेम २. यादीत आधी नाव असण्याचाच फायदा झाला!

लढाईच्या खेळात योगायोगाला स्थान मिळाले ते संगणकाच्या कितीतरी आधी. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फॉन राइसविट्झ याने १८२४ साली आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याच्या तुकड्या मांडायच्या आणि गोळीबारात नुकसान किती झाले, हे फासे टाकून ठरवायचे. खऱ्या लढाईत काहीच निश्चित नसते, हे शिकाऊ अधिकाऱ्यांना कळावे, हा त्यामागचा विचार होता. पण भारित निवडीची चोख रीत मात्र लढाईच्या पटावर सापडली नाही. ती सापडली गावांच्या याद्यांमध्ये.

एखाद्या प्रांतात धान्य किती पिकते किंवा लोक महिन्याला किती खर्च करतात, हे शोधायचे तर प्रत्येक गावी जाणे शक्य नसते. थोडी गावे निवडून त्यांवरून अंदाज बांधावा लागतो. आता ३,००० वस्तीचे गाव आणि ३०० वस्तीची वाडी यांना सारखीच संधी दिली, तर नमुन्यात कोणती गावे आली यावर अंदाज फार हेलकावे खातो. अमेरिकेच्या जनगणना खात्यातील हॅन्सेन आणि हुर्विट्झ यांनी १९४३ साली दाखवून दिले की आकाराच्या प्रमाणात संधी दिली आणि हिशेब करताना त्या संधीने भागले, तर अंदाज एका बाजूला झुकत नाही आणि बहुधा अधिक नेमकाही होतो.

पण निवड करायची कशी? नेहमीची रीत बेरजेची. समजा चार गावांची वस्ती ५००, ३००, १५० आणि ५० आहे. चालत्या बेरजा करायच्या: ५००, ८००, ९५०, १०००. मग १ ते १००० मधील एक यादृच्छिक संख्या घ्यायची. ती ६२० आली, तर दुसरे गाव. रीत अगदी बिनचूक आहे. चार गावांना ठीक, पण हजारो गावांची यादी असली आणि बेरजा हातानेच करायच्या असल्या तर? एका ठिकाणी हातचा चुकला की खालच्या सगळ्या बेरजा चुकल्या.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. तिच्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांनी कलकत्त्यात स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था होती. याच संस्थेतील डी. बी. लाहिरी यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेरजेची गरजच काढून टाकली. त्यांची रीत अशी: आधी सर्व गावांना सारखी संधी देऊन एक गाव उचला. मग १ पासून सर्वांत मोठ्या गावाच्या वस्तीपर्यंत, म्हणजे इथे ५०० पर्यंत, एक संख्या उचला. ही संख्या गावाच्या वस्तीइतकी किंवा तिच्याहून कमी असेल, तर गाव पक्के. जास्त असेल, तर गाव आणि संख्या दोन्ही सोडून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

पडताळून पाहू. एका प्रयत्नात पहिले गाव पक्के होण्याची संधी १/४ × ५००/५००, दुसरे १/४ × ३००/५००, तिसरे १/४ × १५०/५०० आणि चौथे १/४ × ५०/५००. प्रमाण हवे तेच आहे, आणि बेरीज एकही केली नाही! सरासरी निम्मे प्रयत्न वाया जातात, एवढीच काय ती किंमत.

‘दोन्ही सोडून द्या’ या शब्दांत सगळे मर्म आहे. आम्ही हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतो, तेव्हा कोणीतरी हमखास गाव हातातच ठेवतो आणि फक्त संख्या पुन्हा उचलतो. मग काय होते? उचललेले प्रत्येक गाव केव्हा ना केव्हा पक्के होतेच. म्हणजे चारही गावांची संधी पुन्हा सारखी, १/४! निवड वरवर तितकीच यादृच्छिक दिसते, पण भार पार पुसले जातात. खेळात असे झाले तर राक्षस वेडगळ वागेल, एवढेच. पाहणीत झाले तर लोकांच्या खर्चाचे आणि उपासमारीचे आकडे चुकतील आणि ते पाहून कोणाला शंकाही येणार नाही.

योगायोग असा की त्याच १९५१ साली जॉन फॉन नॉयमन यांचा यादृच्छिक संख्यांविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातही ‘उचला, पारखा, नको असेल तर टाकून द्या’ हेच तत्त्व होते. अणुकेंद्रीय संशोधनात न्यूट्रॉनांचा प्रवास संगणकावर गणिताने मांडून पाहण्यासाठी त्यांना ते हवे होते. एकापुढे गावांची यादी होती, दुसऱ्यापुढे न्यूट्रॉन!

लाहिरींच्या रीतीत एक उणीव आहे. १०,००० वस्तीचे एक शहर आणि १०० वस्तीच्या ९९ वाड्या असतील, तर एक निवड होण्यासाठी सरासरी ५० प्रयत्न लागतात. यावर तोडगा ए. जे. वॉकर यांनी १९७४ साली सुचवला. आपल्या चार गड्यांसाठी २५ चिठ्ठ्यांचे चार डबे करा. पहिल्यात ५ वैद्याच्या व २० ढालकऱ्याच्या, दुसऱ्यात १५ तिरंदाजाच्या व १० ढालकऱ्याच्या, तिसऱ्यात २० ढालकऱ्याच्या व ५ भालाइताच्या, चौथ्यात २५ भालाइताच्या. आता कोणताही एक डबा आणि त्यातील एक चिठ्ठी घेतली की काम झाले. एकही प्रयत्न वाया जात नाही. अर्थात डबे आधी भरून ठेवावे लागतात. खेळात गडी जखमी झाला की भार बदलतात आणि डबे पुन्हा भरावे लागतात. तिथे लाहिरींची रीत किंवा साधी बेरीजच सोयीची पडते.

पुढे २०१२ साली पोलंडमधील लिपोव्स्की आणि लिपोव्स्का यांनी संगणकीय उत्क्रांतीच्या आज्ञावल्यांसाठी हीच ‘उचला आणि पारखा’ ही रीत मांडली. कलकत्त्यातील निबंधाला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.

हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका डब्यात चार गावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात १ ते ५० आकड्यांच्या (वस्ती दहांच्या हिशेबात, म्हणजे ५०, ३०, १५ आणि ५). उचललेल्या चिठ्ठ्या दर वेळी परत डब्यात टाकाव्यात. दहा गटांनी प्रत्येकी ४० निवडी करून त्या एकत्र मांडल्या, तर २००, १२०, ६० आणि २० यांच्या आसपास आकडे येतील. एका गटाला मात्र मुद्दाम गाव हातात ठेवायला सांगावे आणि त्यांचे आकडे वेगळे लिहावेत. फळ्यावरचे दोन तक्ते शेजारी पाहिले, की ‘पुन्हा पहिल्यापासून’ का म्हटले आहे, ते मुले स्वतःच सांगतील.