शेतावरची शाळा

शेतकऱ्याची विद्या बहुधा पुस्तकात नसते. बियाणे कोणते राखावे, कोणत्या पावसावर पेरावे, पानावरचा कोणता किडा मित्र व कोणता शत्रू, हे मुले आईबापांच्या मागे शेतात वावरून शिकतात. आईबाप अकाली गेले, म्हणजे जमीन राहते आणि विद्या जाते. एचआयव्हीच्या साथीने आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात असंख्य घरी हेच घडविले.

मोझांबिक देश १९७५ साली पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. लवकरच तेथे यादवी पेटली, ती १९९२ साली रोम येथील तहाने शमली. लाखो निर्वासित परतले. बैरा बंदरापासून झिंबाब्वेच्या सरहद्दीकडे जाणारा मार्ग पुन्हा गजबजला, आणि त्या मार्गावरील सोफाला व मानिका प्रांतांत हा रोगही बळावला. तो कर्त्या वयाच्या माणसांना गाठतो आणि पुष्कळदा नवराबायको दोघांनाही जडतो. मग घरात उरतात आजी आणि नातवंडे. आजीला बियाण्याची पारख असते, पण कुदळ चालविण्याचे बळ नसते. नातवंडांचे नेमके उलट.

अशा मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या सहकार्याने, २००३-०४ च्या सुमारास मोझांबिकमध्ये शेतशाळा काढल्या. शाळेच्या नावात रोगाचा उल्लेख कोठेही नव्हता, हे शहाणपणाचे होय. नाहीतर शाळेची पायरी चढणारे प्रत्येक पोर गावात बोटाने दाखविले गेले असते.

पद्धत मात्र जावा बेटावरील भातखाचरांतून आली होती. इंडोनेशियात कीटकनाशकांच्या भडिमाराने कोळ्यांसारखे उपकारक जीव मेले आणि तपकिरी तुडतुडे माजले. १९८६ साली सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला पिकात उतरावे, दिसेल ते रोप, किडा, पाणी कागदावर चितारावे आणि काय करायचे ते आपसांत वाद घालून ठरवावे, असा त्यांचा क्रम. व्याख्यान नाही.

मोझांबिकमध्ये १२ ते १८ वर्षांची सुमारे तीस मुलेमुली एका शाळेत घेतली जात. मका, भाजीपाला, जुनी स्थानिक वाणे हे विषय होतेच. त्यांच्या जोडीला आहार, रोगापासून बचाव आणि स्त्री-पुरुष समता. पिकाला कीड लागू नये म्हणून काय करतो, हे बोलता बोलता गोष्ट स्वतःच्या देहाच्या रक्षणावर येई. जे बोलवत नसे ते नाटुकल्यातून आणि नाचागाण्यातून बाहेर पडे. जेवणही मिळे. जेवणासाठीच मुले येतात, असा आक्षेप घेणे सोपे आहे. उपाशी पोराने दुसऱ्या कशासाठी यावे?

अडचण शाळेबाहेर होती. शिकलेल्या मुलाला जमीन हवी, आणि बापाच्या पश्चात ती नातलगांनी बळकावल्याची उदाहरणे या प्रदेशात थोडी नाहीत. मोझांबिकमध्ये जमिनीची मालकी सरकारची. १९९७ चा कायदा रूढीने चालत आलेली वहिवाट मानतो, स्त्रियांचा हक्क पुरुषांइतकाच धरतो आणि कागद नसल्यास गावकऱ्यांची साक्ष ग्राह्य मानतो. चौदा वर्षांच्या अनाथ मुलीला ही साक्ष मिळवायची असते ती बहुधा चुलत्याच्याच भावकीतून.