थंडी खालून येते: स्लीपिंग पॅडची गोष्ट

हिमालयातला हिवाळी ट्रेक ठरला की आपण जॅकेटचे दहा रिव्ह्यू बघतो, स्लीपिंग बॅगचे वीस. आणि मॅट? "कुठलीही चालेल रे." नाही चालत. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेत असते. आपण आडवे झालो की पाठीखालची ती हवा दबून जाते. मग बर्फ आणि आपण यांच्यामध्ये उरते फक्त मॅट.

पूर्वी पर्याय दोनच. एक, बारीक बंद कप्प्यांच्या फोमची चटई: उबदार, पंक्चरचं टेन्शन नाही, पण पाठीचे हाल. दुसरा, हवा भरायची गादी: मऊ, पण गार. आत हवा मोकळी असते, अंग हललं की तीही हलते आणि ऊब जमिनीकडे घेऊन जाते.

आता चला सिअ‍ॅटलला, साल १९७१. बोइंगचं सुपरसॉनिक प्रवासी विमान रद्द झालेलं. काही वर्षांपूर्वी त्या भागात बोइंगकडे सुमारे १ लाख माणसं होती, ती ४० हजारांच्या खाली आली. शहराबाहेर एक होर्डिंग लागलं होतं: शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत. (आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?)

नोकरी गेलेल्यांत दोन इंजिनिअर होते, जिम ली आणि नील अँडरसन. बागकाम करताना ली फोमच्या उशीवर गुडघे टेकायचे. दाबलं की हवा बाहेर, उठलं की आत. बस्स, तिथेच आयडिया सुचली! उघड्या कप्प्यांचा फोम हवाबंद कापडाला वरून-खालून चिकटवायचा आणि एक व्हॉल्व्ह लावायचा. व्हॉल्व्ह उघडला की फोम स्वतःच फुगून हवा ओढून घेतो आणि तिला आत फिरूही देत नाही. चिकटवण्याचे पहिले प्रयोग चक्क सँडविच ग्रिलवर झाले. सोबतीला गिर्यारोहक जॉन बरोज आले, १९७२ मध्ये कॅस्केड डिझाइन्स उभी राहिली आणि थर्म-अ-रेस्ट बाजारात आली.

पुढचा घोळ मात्र बरीच वर्षं चालला. मॅट उष्णता किती अडवते, त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. पण प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजायची, म्हणजे एकीचा ४ आणि दुसरीचा ४ वेगळा! बर्फात झोपणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं: एक गरम प्लेट, एक गार प्लेट, मध्ये मॅट, आणि गरम प्लेट गरम ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. २०२० पासून मोठे ब्रँड हाच आकडा छापू लागले.

म्हणून खरेदी करताना जाडी बघू नका, या मानकाचा आकडा विचारा. बर्फासाठी ५ च्या आसपास किंवा जास्त हवा. महागडी मॅट परवडत नसेल तर ३ ची फुगणारी आणि तिच्याखाली २ ची फोम घ्या, आकड्यांची सरळ बेरीज होते. मला तर ही जोडीच जास्त भरवशाची वाटते. मध्यरात्री वरची पंक्चर झाली तरी खालची शाबूत असते.