रहदारी आणि वाहतूक : मुंबईच्या रस्त्याचा इतिहास दोन शब्दांच्या आधारे

मराठीत 'रहदारी' व 'वाहतूक' हे दोन शब्द आज पुष्कळदा एकाच अर्थी योजले जातात. परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. 'रहदारी' हा शब्द फार्सीतून आला. 'राह' म्हणजे वाट. वाटेवरील जकात व प्रवासाचा परवाना यांना हा शब्द पूर्वी लावीत. पुढे मराठीत रस्त्यावरून होणारी ये-जा, मग ती माणसांची असो, जनावरांची असो वा गाड्यांची असो, असा त्याचा अर्थ रूढ झाला. 'वाहतूक' हा मात्र 'वाहणे' या क्रियापदापासून झालेला. त्यात ओझे आहे आणि ते वाहणारे साधन आहे. स्वतःच्या पायांनी चालणारा मनुष्य त्यात सहजी बसत नाही. मुंबईचा रस्ता गेल्या दीडशे वर्षांत रहदारीचा न राहता वाहतुकीचा कसा झाला, आणि या स्थित्यंतरात पादचाऱ्याची सुरक्षितता व सार्वजनिक वाहन ही दोन्ही बरोबरच कशी मागे पडली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा, असे तिचे आरंभीचे दोन मार्ग होते. भाडे प्रथम तीन आणे होते; ते लवकरच दोन आण्यांवर आणावे लागले. हे दोन्ही मार्ग जेथे संपत त्या ठिकाणाचे नाव ध्यानात घेण्याजोगे आहे. भरतीच्या पाण्याने चिखल होणारी सखल जागा ओलांडून आलेली माणसे जेथे पाय धूत ती पायधुणी, अशी या नावाची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. पायी येणाऱ्यांच्या या जुन्या विसाव्यापाशी शहराचे हे सार्वजनिक वाहन येऊन थांबले, हा योगायोग खरा; तथापि त्यात अर्थ आहे. ट्राम ही पायी चालणाऱ्यांसाठीच होती. ज्याच्यापाशी बग्गी होती त्याला तिची गरज नव्हती.

पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. १९२० साली दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस निघाली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, हा सारा व्यवहार नगरपालिकेच्या ताब्यात आला. शहरातील माणसांची ने-आण ही पाणीपुरवठ्याप्रमाणेच नगरसंस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या दिवशी व्यवहारात आले असे म्हणावयास हरकत नाही.

ट्राम निर्धोक होती असे मात्र कोणी समजू नये. तिचे रूळ रस्त्याच्या मध्यभागी असत. चढणाऱ्या-उतरणाऱ्याला अर्धा रस्ता ओलांडावा लागे, आणि मोटारी वाढल्या तसा हा अर्धा रस्ता धोक्याचा होऊ लागला. परंतु ट्रामचा एक गुण असा की तिचा मार्ग ठरलेला होता. ती कोठून जाणार हे लहान मुलालाही कळे. वेग बेताचा, वाट निश्चित व थांबे ठाऊक, यांमुळे रस्त्यावरील इतरांना तिच्याशी जुळवून घेता येई. ट्राम आणि मोटार यांचा जेव्हा एका रस्त्यावर मेळ बसेना, तेव्हा दोहोंपैकी कोणी वाट द्यावी हा प्रश्न उभा राहिला. शेकडो उतारू नेणाऱ्या ट्रामलाच त्या वेळी 'अडथळा' ठरविण्यात आले.

या दृष्टीने १९६३ ते १९६५ ही तीन वर्षे निर्णायक होत. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून १९६३ साली जो अहवाल दिला, त्यात मोटारींसाठी द्रुतगती मार्गांची कल्पना मांडलेली होती. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. आणि १९६५ साली केम्प्स कॉर्नर येथे शहराचा पहिला उड्डाणपूल खुला झाला. या तीन घटना एकाच योजनेचे भाग होत्या असे नाही. पण त्यांची दिशा एक होती. माणसे किती गेली हे मोजण्याऐवजी गाड्या किती वेगाने गेल्या हे मोजण्याची रीत येथून दृढ झाली. १९९० नंतरच्या दशकात शहरात पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना आखली गेली, ती याच रीतीला धरून.

दादरला 'टी. टी.' या अक्षरांत ट्राम टर्मिनस अजून नांदत आहे. ट्राम कधी न पाहिलेली पिढीही ते नाव सहज उच्चारते. शब्द उरला, पण रुळांची मोकळी झालेली जागा कोणाच्या वाट्याला आली? ती पादचाऱ्याला मिळाली नाही व बसलाही राखून ठेवली गेली नाही. ती मोटारींना मिळाली.

बस आणि पदपथ ही वस्तुतः एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. बसचा प्रत्येक उतारू प्रवासाच्या आधी व नंतर पादचारीच असतो. ट्राम रस्त्याच्या मध्यावर थांबे. बस कडेला थांबते. त्यामुळे पदपथ हा बसच्या उतारूंचा फलाटच झाला. परंतु पदपथ अरुंद होत गेला, आणि चालणाऱ्याला रस्त्यावरून उचलून जिन्यांवर चढविण्याकडे योजनांचा कल राहिला. २००८ साली वांद्र्यापासून सुरू झालेली स्कायवॉकची मालिका हे त्याचे ठळक उदाहरण होय. गाडीने जमिनीवरून जावे आणि वृद्धाने जिना चढावा, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. इकडे बेस्टच्या बसगाड्यांची संख्याही २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक होती, ती २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आली.

या उपेक्षेची किंमत कोठे मोजावी लागते हे दोन घटनांवरून दिसते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरील पादचारी पूल कोसळून पुन्हा जीवितहानी झाली. दोन्ही ठिकाणी बळी पडलेले लोक वाहनात नव्हते. ते आगगाडी आणि रस्ता यांच्यामधील अंतर पायांनी तोडीत होते.

अशा घटनांना आपण 'अपघात' म्हणतो. या शब्दातील 'घात' संस्कृत 'हन्' धातूचा आहे. विश्वासघात, आत्मघात या शब्दांत घात करणारा कोणीतरी असतोच. 'अपघात' या शब्दातून मात्र तो कर्ता रूढीने नाहीसा झाला. 'अपघाताने' म्हणजे 'सहजगत्या, कोणाचाही दोष नसता' असा अर्थ आज होतो. ज्या रस्त्यावर पदपथ नाही, ओलांडण्यास जागा नाही आणि बसथांबा नाल्याच्या झाकणावर आहे, तेथील मृत्यूला या अर्थाने अपघात म्हणणे कितपत योग्य, याचा विचार व्हावयास पाहिजे. पादचाऱ्यांना वापरण्याजोगे पदपथ मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. घात होतो तेथे कोणाची तरी जबाबदारी असते, ही जुनी जाणीव या निर्णयाने कायद्याच्या भाषेत पुन्हा मांडली आहे.

सारांश, सार्वजनिक वाहन सुधारणे आणि रस्ता निर्धोक करणे ही दोन कामे निराळ्या खात्यांची असली तरी इतिहासाने ती एकत्र बांधली आहेत. १९६४ नंतर मुंबईत ती दोन्ही एकदमच खालावली. ती सावरावयाची तर एकदमच सावरावी लागतील. बसला राखीव पट्टा द्यावयाचा तर त्याच्या कडेला रुंद पदपथ हवा, आणि पदपथ मोकळा केला तर त्यावर उभे राहणाऱ्यासाठी वेळेवर बस हवी. तेवढे झाले तर या रस्त्यावरील ये-जेला 'रहदारी' हा शब्द पुन्हा त्याच्या पूर्ण अर्थाने लावता येईल.